सुळक्याखालचं गाव

जुन्नर म्हटलं की शिवनेरी, द्राक्षं आणि बिबट्या. पण क्लाइंबिंगचं वेड लागलेल्यांसाठी जुन्नर म्हणजे जीवधन आणि त्याला खेटून उभा असलेला वानरलिंगी! हा वीकेंड सुळक्यावर... आणि त्याहून जास्त, सुळक्याखालच्या गावात.

ऑफिसात कुणी ‘वीकेंडला काय?’ असं विचारलं आणि तुम्ही ‘क्लाइंबिंग’ म्हणालात, तर हल्ली समोरचा पूर्वीसारखा ‘म्हणजे ट्रेकिंगच ना?’ असं म्हणत नाही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्पोर्ट क्लाइंबिंग पहिल्यांदा खेळलं गेलं आणि भिंतीवर माणसं पालीसारखी का चढतात हे टीव्हीवर घरोघरी दिसलं. आता शहरात रंगीबेरंगी होल्ड्सच्या वॉल्स आहेत. म्युझिक, खाली गुबगुबीत मॅट, वर पोहोचलात की फोटो. धमाल असते, नाही असं नाही. मीही तिथूनच आले. पण एकदा का खऱ्या कातळाला हात लावला की तो प्लॅस्टिकचा होल्ड म्हणजे सिनेमातलं जेवण वाटायला लागतं. दिसतं सगळं, पोट भरत नाही.

म्हणून मग जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सहा जण, तीन रोप, खांद्याला न पेलणारी एक लोखंडाची सॅक (तिचं टोपणनाव ‘भंगार’) आणि भरपूर उत्साह असं सगळं घेऊन पुण्याहून निघालो. जुन्नर पुण्यापासून साधारण पंचाण्णव किलोमीटर. नाशिक रस्त्यानं नारायणगावपर्यंत जायचं आणि डावीकडे वळायचं. नारायणगाव म्हणजे तमाशापंढरी, विठाबाई नारायणगावकरांचं गाव. पण रात्री नऊ वाजता तिथं थांबण्याचं आमचं कारण कलेपेक्षा मिसळीचं होतं, हे कबूल करते.

जुन्नर हे मला आवडणारं तालुक्याचं गाव आहे. बाजारपेठ अरुंद, एसटी स्टँड गजबजलेला, आणि मान वर केली की शिवनेरी. सातवाहनांच्या काळापासून हे व्यापाराचं ठिकाण. आजूबाजूच्या डोंगरांत लेण्याद्री, तुळजा, मानमोडी अशा लेण्यांची नुसती रेलचेल. २०१८ मध्ये राज्य सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात शिवनेरी आहे. जीवधन त्या यादीत नाही. खरं सांगू का? क्लाइंबर मंडळींनी त्यावर सुटकेचा नि:श्वासच टाकला असेल.

जुन्नरहून पश्चिमेला आपटाळे, चावंड करत जो रस्ता नाणेघाटाकडे जातो, त्यावर तीसेक किलोमीटरवर घाटघर. इथं डांबरी रस्ता आणि घाटमाथा दोन्ही जवळजवळ एकदमच संपतात. पुढे नुसती दरी आणि खाली कोकण. वस्ती बहुतेक महादेव कोळी समाजाची. पावसाळ्यात भातशेती, आणि जंगलातला हिरडा. पावसाळा म्हणजे इथं चार महिने ढगात राहणं. ज्या मावशींच्या ओसरीवर आम्ही पथाऱ्या टाकल्या, त्या म्हणाल्या, “तुमी थंडीत येता म्हणून बरं वाटतं. श्रावणात या, मग कळल.”

आडवा दगड, उभा दगड

सकाळी सहाला बाहेर आले आणि समोर तो! जीवधनची काळी भिंत, आणि तिच्या शेजारी, जणू कुणी सुरीनं कापून वेगळा काढून ठेवल्यासारखा वानरलिंगी. याचंच दुसरं नाव खडा पारशी. उंची चारशे फुटांच्या आसपास. गड आणि सुळका यांच्यामध्ये एक अरुंद खिंड. फोटोत तो देखणा दिसतो. प्रत्यक्षात पोटात गोळा येतो.

इथं थोडं भूगर्भशास्त्र सहन करा, कारण त्याच्याशिवाय सह्याद्रीतलं क्लाइंबिंग कळत नाही. आपला हा सगळा डोंगर म्हणजे लाव्हाचे थर. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला, असं कितीतरी वेळा. प्रत्येक थराचा आतला भाग घट्ट, आणि वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे भोकाभोकांचा, लवकर झिजणारा. म्हणून आपले कडे टप्प्याटप्प्यांचे असतात. एक सरळसोट कातळ, मग गवताचा पट्टा, मग पुन्हा कातळ. क्लाइंबरच्या भाषेत याचा अर्थ असा की हाताला आलेला झक्कास होल्ड पुढच्या क्षणी हातातच येऊ शकतो. आधी ठोकून बघ, आवाज ऐक, मग धर, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. युरोपातल्या चुनखडीवर किंवा ग्रॅनाइटवर चढणारे लोक आपल्या बेसॉल्टवर आले की पहिले दोन तास गप्प असतात!

मी मूळची साखरखेर्ड्याची. बुलडाणा जिल्हा, सिंदखेडराजा तालुका. आमच्याकडेही हाच काळा दगड, पण आडवा, काळ्या मातीखाली झोपलेला. दगड उभा बघायचा तर लोणारला जायचं, उल्का आदळून जमिनीला भलंमोठं भोक पडलंय तिथं. आमच्या गावाजवळ १७२४ साली निजाम-उल-मुल्कानं मुबारिजखानाला लढाईत मारलं आणि दख्खन त्याच्या हातात आलं. म्हणजे इतिहासात गाव आहे. पण मुक्कामाला थांबणारा पाहुणा? विसरा. समृद्धी महामार्गावरच्या गाड्या आमच्या तालुक्यातून सुसाट निघून जातात. त्यामुळे एखाद्या गावात दर शनिवारी रात्री शहरातली अनोळखी माणसं येऊन झोपतात, तर त्या गावाला त्याचं काय वाटत असेल, हा प्रश्न मला इतरांपेक्षा जरा जास्तच पडतो.

पोळी उठली तर...

सुळक्याच्या पायथ्याशी जायच्या आधी आमच्या लीडरनं एक काम केलं. गावातल्या एका काकांना विचारलं, “पोळी कुठं आहेत?”

आग्या मोहोळ. सह्याद्रीत क्लाइंबर दरीला जितका घाबरतो त्याच्या दुप्पट या माश्यांना घाबरतो. दरी तुमच्यावर चालून येत नाही. या येतात, हजारोंनी, आणि तुम्ही त्या वेळी दोन बोल्टना लटकलेले असता. पळणार कुठं? म्हणून परफ्यूम नाही, डिओ नाही, सिगारेट नाही, आरडाओरडा नाही. पण सगळ्यात मोठी काळजी म्हणजे पोळं कुठल्या फटीत आहे हे माहीत असणं, आणि ते कुठल्याही गाइडबुकात छापलेलं नसतं. दर वर्षी जागा बदलते. ते माहीत असतं जो माणूस रोज त्या डोंगराखाली गुरं नेतो, त्याला.

काका आमच्याबरोबर खिंडीपर्यंत आले. साठीच्या पुढचे, पायात साधी चप्पल. हेल्मेट घातलेले आम्ही सहा जण मागं धापा टाकतोय आणि हे पुढं जाऊन बिडी न पेटवता (माश्या!) नुसती ओठात धरून बसलेले. त्यांनी जीवधनच्या भिंतीवर एक काळा डाग दाखवला. मला तो दगडच वाटला होता. “ते हाये. उन्हाच्या येळेला त्या अंगाला जाऊ नका. सकाळचं उरकून घ्या.”

झालं. आमचा अख्खा प्लॅन त्या एका वाक्यानं बदलला. एक जण आधी सावकाश चढणार होता, त्याऐवजी दोघांनी भराभर रूट ओपन करायचं ठरलं.

क्लाइंबचं वर्णन वाचून कुणाला क्लाइंबिंग कळत नाही, त्यामुळे थोडक्यात. लीडर पुढे जातो, मिळेल तिथं रोप अडकवत. खालचा त्याला बिले देतो, म्हणजे रोप जपून सोडतो आणि तो घसरला तर धरतो. लीडर एका सुरक्षित जागी पोहोचला की तिथं स्टेशन लावतो आणि मग बाकीच्यांना वर घेतो. या सुळक्यावर आधीच्या टीम्सनी ठोकलेले जुने बोल्ट जागोजागी आहेत. काही चकचकीत, काही गंजून लाल झालेले. गंजलेल्याकडे बघून लीडर जे पुटपुटला ते इथं छापता येणार नाही.

मी चौथी. वरून रोप होता, म्हणजे पडले असते तरी फारतर दोन फूट. हे डोक्याला माहीत असतं, गुडघ्यांना नसतं. मधल्या टप्प्यावर एका जागी डावा पाय एवढ्याशा खाचेत, उजवा हवेत, आणि पाठीमागे सरळ कोकण. तिथं मी किती वेळ होते? मला वाटलं अर्धा तास. बिले देणारा म्हणाला, चार मिनिटं.

वर बसायला जागा म्हणजे आपल्या हॉलपेक्षा लहान. समोर जीवधनचा कडा, पलीकडे नाणेघाटाचं पठार, उत्तरेला हरिश्चंद्रगडाची लांबलचक भिंत. तिथंच, कोकणकड्यावर, जानेवारी २०२० मध्ये अरुण सावंत गेले. सह्याद्रीतल्या कितीतरी जणांना रोप धरायला शिकवलेला साठीचा माणूस. वर असताना कुणी त्यांचं नाव काढलं नाही. पण सगळे तिकडंच बघत होते एवढं खरं.

अकराच्या आत आम्ही सगळे रॅपलिंग करून खाली आलो होतो. त्या अंगाला ऊन यायच्या आधी.

दोनशे रुपयांची भाकरी

दुपारी तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि खास विनंतीवरून मासवडी. मासवडीत मासा नसतो हे मुंबईकरांना दर वेळी सांगावं लागतं. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून तिला माशाचा आकार देतात, आणि सोबत झणझणीत रस्सा. जुन्नर-आंबेगाव भागाची ही खासियत हॉटेलात मिळते, पण घरात खाल्लीत तर हॉटेलातली विसराल.

जेवताना गप्पा निघाल्या. माणशी दोनशे रुपयांत दोन वेळचं जेवण, चहा आणि झोपायला ओसरी. मी विचारलं, परवडतं का? मावशींच्या मुलानं हिशेब सांगितला. शनिवार-रविवार पकडून सीझनचे आठवडे किती, त्यातले ग्रुप किती, आणि त्यातले किती जण स्वतःचा स्टोव्ह आणि मॅगी घेऊन येतात. शेवटच्या आकड्यावर तो हसला. आम्ही हसलो नाही. आमच्या सॅकमध्ये मॅगी होती.

पूर्वीची मोठी कमाई हिरड्याची. बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकायचा. औषधाला लागतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं. तुमच्या-माझ्या आठवणीत ते अलिबागचं वादळ आहे, पण त्यानं जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात हिरड्याची झाडं मुळासकट पाडली. हिरड्याचं झाड काही दोन वर्षांत उभं राहत नाही. भरपाईसाठी इथल्या आदिवासींना कितीतरी वेळा आंदोलनं करावी लागली. तेव्हा पाहुण्यांचा पैसा म्हणजे आता फावल्या वेळचा वरखर्च राहिलेला नाही. त्यावर घरं चालतात.

आणि तरी त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? जून २०२४ च्या शेवटी लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, आणि पाठोपाठ पुणे जिल्ह्यातल्या पावसाळी पर्यटनस्थळांवर प्रशासनानं प्रतिबंधात्मक आदेश काढले. आदेश काढणाऱ्यांचीही बाजू आहे. रील काढताना धबधब्यात उतरणाऱ्यांना कोण आवरणार? पण जिथं पावसाळ्याच्या दोन महिन्यांत भजी-कणसांवर वर्षाची फी निघते, तिथं गावाला विचारून काही ठरलं असेल असं मला वाटत नाही.

साडेतीनशे किलोमीटरवरचं नॅटिमक

या सगळ्यावरून मला माझ्या मेलबर्नच्या मैत्रिणीचे फोटो आठवले. ती दर लाँग वीकेंडला गाडी काढते आणि साडेतीनशे किलोमीटरच्या आत असलेल्या नॅटिमक नावाच्या खेड्यात जाते. वस्ती जेमतेम पाचशे. चहूबाजूंना गव्हाची सपाट शेतं. आणि दहाएक किलोमीटरवर, त्या सपाटीतून एकदम उठलेला तांबूस दगडाचा डोंगर, माउंट अ‍ॅरापिलीस. दगड क्वार्टझाइट, लोखंडासारखा टणक. चढायचे मार्ग दोन हजारांच्या वर. १९८५ मध्ये वोल्फगांग ग्युलिख या जर्मन क्लाइंबरनं तिथला ‘पंक्स इन द जिम’ हा रूट चढला, तेव्हा तो जगातला सगळ्यात अवघड रूट होता.

पण मैत्रिणीच्या फोटोंत मला डोंगरापेक्षा गाव जास्त आवडलं. तिथं जगभरातले क्लाइंबर आले आणि त्यातले काही चक्क राहिले! घरं घेतली, मुलं तिथल्या शाळेत घातली, कॅफे काढले, गावचा आर्ट फेस्टिव्हल भरवू लागले. शेतकरी आणि क्लाइंबर एकाच दुकानात दूध घेतात. मला हे स्वप्नवत वाटलं होतं.

मग २०२४ चा नोव्हेंबर आला. तिथल्या पार्क खात्यानं एक आराखडा जाहीर केला, ज्यात डोंगरावरचे जवळजवळ निम्मे मार्ग चढाईला बंद व्हायचे होते. कारण तितकंच खरं. हा डोंगर वोट्जोबालुक या मूळ रहिवाशांचा. ते त्याला द्युरिट म्हणतात, तिथं त्यांच्या पूर्वजांनी दगडाची हत्यारं घडवली, चित्रं काढली, त्याच्या खुणा जागोजागी आहेत. गावात एकच गदारोळ उठला. हरकती घ्यायची मुदत वाढवावी लागली. मैत्रीण म्हणाली, “अगं, कुणीच दुष्ट नाहीये यात. फक्त गावाला पेपरात वाचून कळलं.”

मला हे वाक्य फार लागलं. कारण आपल्याकडे तर उलटंच आहे. तिकडे क्लाइंबर गावकरी झाले आणि मूळ मालकांचा आवाज फार उशिरा ऐकला गेला. इकडे डोंगराचे मूळ लोक अजून डोंगराखालीच राहतात, समोर बसून भाकरी वाढतात, आणि आपण त्यांना कधी विचारत नाही की बाबांनो, या सुळक्यावर आणखी बोल्ट ठोकू का? खिंडीत साठ जणांचं रॅपलिंग इव्हेंट ठेवू का? जीवधनला १८१८ मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून पायऱ्या उडवल्या, त्यांनीही विचारलं नव्हतं म्हणा.

साठचा आकडा मी उगाच नाही लिहिला. रविवारी सकाळी आम्ही गड बघायला गेलो, तेव्हा एका कमर्शियल ग्रुपची बस आली होती. स्पीकर होता. पोळ्याची जागा त्यांना ठाऊक होती का, असं काकांना विचारलं. काका म्हणाले, “त्यांनी इचारलंच न्हाई.” मग काका स्वतः उठून त्यांच्या लीडरकडे गेले आणि स्पीकर बंद करून घेतला. त्याचे त्यांना पैसे मिळाले नाहीत, आणि ते त्यांनी मागितलेही नसते.

अपघात झाला की काय होतं, तेही ऐकलं. राज्यात गिर्यारोहकांचं रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांची हेल्पलाइन आहे, आणि ती मंडळी पदरमोड करून रात्री-अपरात्री धावतात. त्यांच्याबद्दल कितीही चांगलं लिहिलं तरी कमीच. पण टीम शहरातून पोहोचेपर्यंतचे पहिले काही तास? तेव्हा जखमीजवळ असतो तो गावातला पोरगा, एक बॅटरी, दोन बांबू आणि घोंगडीची झोळी. मावशींच्या मुलानं असं एकाला खाली आणलंय. पाय मोडलेला, पुण्याचाच. “बरा झाला का तो?” मी विचारलं. “काय माहीत,” तो म्हणाला, “परत फोन न्हाई आला.”

२०२१ मध्ये राज्य सरकारनं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात आयोजकांची नोंदणी आली, सुरक्षेचे नियम आले. उत्तम आहे. माझी मागणी त्याहून साधी आहे. रेस्क्यूचं प्रशिक्षण आधी या पोरांना द्या, आणि एक स्ट्रेचर, एक रोप आणि फर्स्ट-एडची पेटी कायमची गावात ठेवा. आमच्या लीडरनं रविवारी दुपारी मावशींच्या मुलाला आणि त्याच्या दोन मित्रांना बिले द्यायला शिकवलं. फिगर-ऑफ-एट गाठ त्यानं दुसऱ्या फटक्यात मारली. मला पहिल्या वर्षी महिना लागला होता.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सुळक्यावर जायचं ते अनुभवी टीमबरोबरच, हे वेगळं सांगायला नको. नुसता जीवधन-नाणेघाट केलात तरी वीकेंड वसूल. घाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि माथ्यावर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण. मुंबईकरांना कल्याण-मुरबाडमार्गे वैशाखऱ्याजवळून पायी घाट चढून येता येतं, ती वाट तर सॉल्लिडच. जुन्नरहून घाटघरला एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या, त्यामुळे स्टँडवर चौकशी करूनच निघा. जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा, गावात रेंजचा भरवसा नाही. आणि मॅगी घरी ठेवा.